मायाक्काचा हात

"बाई, आत येऊ नका."

मायाक्का एवढेच म्हणाली. पावसाची सर चुकवायला मी तिच्या वळचणीला उभी राहिले होते आणि दार अर्धे उघडे दिसले म्हणून सहज आत पाहिले होते. ती मागाच्या खड्ड्यात बसली होती. कमरेपर्यंत जमिनीत, समोर काळ्या लोकरीचे ताणलेले धागे, आणि हातात आडव्या धाग्याचा धोटा. धोटा तसाच हातात राहिला होता. खाली ठेवायचेही तिला सुचले नव्हते.

टेंभुर्णीपासून चार कोसांवर, भीमेच्या अगदी काठाला आमचे गाव. धनगरांची वीसएक घरे. त्यांच्या बायका लोकर पिंजतात, सूत काढतात, चिंचोक्याची खळ शिजवतात. पण मागावर बसतो तो पुरुषच. आणि त्या दिवसांत त्या मागावर चढलेली घोंगडी साधी नव्हती, ती बिरोबाची होती. दर दसऱ्याला देवाच्या अंगावर नवी काळी घोंगडी घालतात. ती विणण्याचा मान मायाक्काच्या नवऱ्याचा, ज्ञानबाचा. त्याच्या आधी त्याच्या बापाचा आणि आज्याचा. ती विणून होईपर्यंत ज्ञानबा एकवेळ जेवायचा, पायात वहाण घालायचा नाही, आणि तेवढ्या काळात बाईने त्या खड्ड्यात पाय घालायचा नाही, असा दंडक होता.

"ज्ञानबांना ठाऊक आहे का हे?" मी विचारले.

"न्हाय. चांदी घिऊन गेलीया त्यास्नी नदीवर."

चांदी ही त्यांची मेंढी. आई मेल्यावर मायाक्काने तिला दुधात भिजवलेली चिंधी चोखवून वाढवली होती. बाकीची मेंढरे कळपाबरोबर माळावर जात, चांदी मात्र घरी राही. ज्ञानबाची नजर दोन वर्षांत हळूहळू गेली. सोलापूरला नेऊन दाखवले, तर गेलेले परत येणार नाही एवढे सांगून डॉक्टरांनी पाठवून दिले. तेव्हापासून सकाळी तो विणायचा आणि दुपारी भाकरी खाऊन चांदीची दोरी धरून नदीवर जायचा. खाचखळगे चुकवीत ती त्याला जांभळीच्या झाडाखाली नेऊन बसवी आणि ऊन कलले की परत आणी. लोक कौतुकाने म्हणत, ज्ञानबाचे डोळे गेले पण बोटे शाबूत आहेत. ते ज्ञानबाला फार आवडे.

"बोटं बी गेली, बाई," मायाक्का म्हणाली.

ती खड्ड्यातून वर आली. तिच्या पायांना गुडघ्यापर्यंत काळ्या लोकरीचे तंतू चिकटले होते.

"काळ्यावर काळा धागा. तुटला तर पयलं त्यांच्या बोटाला लगीच कळायचं. आता न्हाय कळत. वीतभर इनत्यात आन् त्यात तीन जागी भोकं. काठ तर आसा जातो, वड्याच्या वाटंवानी. मग ते नदीवर गेलं की म्या उसवते आन् फिरून इनते. जितकं त्येंनी केलं तितकंच. एक बोट कमी न्हाय, एक बोट जादा न्हाय. सकाळी बसल्याबरूबर हात फिरवून बगत्यात आन् म्हणत्यात, माये, बोटं अजून हायती बग माजी."

"कधीपासून चाललंय हे?"

"गेल्या नागपंचमीपासनं."

म्हणजे वर्ष झाले होते. म्हणजे गेल्या दसऱ्याला देवाच्या अंगावर पडलेली घोंगडीसुद्धा हिचीच. मी नेमाधर्मात वाढलेली बाई. खोटे कशाला सांगू, ज्ञानबाच्या आधी माझ्या मनात देवाचाच विचार आला.

"मायाक्का, देवाला चालतं का हे?"

"इच्यारलं की म्या देवाला. रोज इच्यारते खड्ड्यात उतरायच्या आदी. त्यो काय बोलत न्हाय. बोलत न्हाय म्हंजी चालतंय, आसं धरलंय म्या."

ती माझ्या पायांकडे वाकली आणि मध्येच थांबली. मी सोवळ्यात होते. हातातली कळशी नदीच्या पाण्याने भरलेली होती. रोज तिसऱ्या प्रहरी नदीचे पाणी आणून तिन्हीसांजेला महादेवाला घालायचे, हा सासूबाईंनी सोपवलेला नेम मी सात वर्षे पाळत होते. मायाक्काने मग दोन हात लांबूनच भुईवर डोके टेकले.

"गावाला कळलं तर मान जाईल. जाऊ द्या मान, बाई. मानाला काय करायचंय मला? लेक दिली तिकडं अक्कलकोटाला, मागं कोण हाय मान न्यायला? पर त्यास्नी कळाय नगं. दोन डोळं गेलं तवा येवडा रडला न्हाय त्यो मानूस. म्हणला, बोटं हायती. त्यावरच उठतोय आन् बसतोय. कुणाला बोलणार न्हाई, येवडं म्हणा."

हातात तीर्थाचे पाणी होते. मी म्हटले, "मी कुणाला बोलणार नाही."

त्यानंतर रोज त्या दारावरून जाताना मी समोर बघून चालू लागले. आत मागाच्या फणीचा ठोका ऐकू आला की पावले आपोआप भरभर पडत. नदीवर मात्र ज्ञानबाची गाठ चुकत नसे.

"मास्तरीणबाई का? पाऊल वळखतो म्या," तो जांभळीखालून हाक मारी. "तुमचं पाऊल देवळात शिरल्यागत. मास्तरांचं येगळं, पोरास्नी झोडायला निघाल्यागत!" आणि स्वतःच हसे. चांदी त्याच्या पायाशी बसून रवंथ करीत असे. "आज पानी तांबडं हाय बगा."

"ते तुम्हाला कसं कळलं?"

"वासावनं. वरल्या अंगाला दरड ढासळली की आसा वास येतो. आन् ह्यो बगळा, आता उडाला न्हवं का, त्यो रोजचा न्हाय. रोजच्याचं पंख येवडं वाजत न्हाईत."

मी कळशी बुडवीत असे. मग तो हमखास घोंगडीच्या विषयावर येई.

"देवाची घोंगडी बगितली का? औंदा गेल्या सालापरास दाट बसतीया. माज्या बाचा हात आसाच हुता. मला वाटायचं, आपल्याला काय त्यो साधायचा न्हाय. आता डोळं मिटल्यावर साधला बगा."

मी हो म्हणत नसे, नाही म्हणत नसे. "येते हं," एवढे म्हणून निघत असे.

ज्ञानबाचा चुलतभाऊ सिदू. त्याचाही माग होता, आणि हातही चांगला होता. पण देवाची घोंगडी थोरल्या घराची, म्हणून त्याने कधी तक्रार केली नव्हती. तक्रार करायची ती त्याच्या बायकोने, कस्तुराबाईने. एक दिवस नदीच्या उतारावर धुण्याचे पिळे टाकून ती माझ्याच वाटेवर उभी राहिली.

"बाई, तुमी शिकल्या-सवरल्याल्या. येक सांगा. सूत काढताना लोकर कुटं चिकटती?"

"कुठे म्हणजे?"

"हाताला, लुगड्याला, लई तर केसाला. मायाक्काच्या गुडघ्याला कशी वं चिकटती? काल वड्यावर पाय धूत हुती. ह्या येवडाल्या गुडघ्यापतूर." तिने स्वतःचे लुगडे वर करून दाखवले. बाजूच्या दोघीजणी हसल्या. "तुमी रोज तिच्या दारावनं जाता. काय दिसतं का?"

"मी आपली पाण्याकडे लक्ष ठेवून चालते," मी म्हटले. "कळशी हिंदकळते ना."

ते खोटे नव्हते. पण घरी येईपर्यंत मला ते बोचत राहिले.

श्रावणातल्या सोमवारी माझे मौन असे. सकाळच्या स्नानापासून ते संध्याकाळी महादेवाला बेल वाहीपर्यंत. गावाला हे ठाऊक होते. त्या दिवशी मला कुणी हाक मारीत नसे, मुलेसुद्धा ओठांवर बोट ठेवून बाजूने जात. तिसऱ्या सोमवारी पाणी घेऊन परतताना ज्ञानबाच्या अंगणात माणसे दिसली. बिरोबाचा पुजारी येडूबा, सिदू, कस्तुराबाई आणि भावकीतले आणखी चार-पाच जण. सोमवारी माग बंद असे, आणि ज्ञानबा त्या दिवशी नदीवरही गेला नव्हता. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता आणि मोठमोठ्याने हसत होता.

"बायकू इनती म्हणं! आरं सिद्या, तुज्या बायकूनं सपान पायलं का काय? माजी बायकू धागा जोडाय लागली तर पयलं माज्या बोटाला कळंल की रं!"

"भाऊजी, म्या दाराच्या फटीतनं बगितलं. परवा दुपारी," कस्तुराबाई म्हणाली.

"तुला काय, तू तर फटीतनंच बगणार!"

लोक हसले. येडूबा हसला नाही. तो फार वयस्कर, कुणाचे वाईट न चिंतणारा माणूस. काठीवर दोन्ही हात ठेवून तो मायाक्काकडे बघत होता. मायाक्का भिंतीशी उभी होती. मी भराभर पुढे निघाले, पण ज्ञानबाने मान वळवली.

"मास्तरीणबाई आल्या! थांबा. ह्यास्नीच इच्यारा. रोज दुपारच्याला हितनंच जात्यात त्या. त्यांच्या तोंडातनं खोटं याचं न्हाय, हे समद्या गावाला ठावं हाय."

"आवो, सोमवार हाय त्यांचा," मायाक्का पटकन म्हणाली. "बोलत न्हाईत त्या. जाऊ द्या त्यास्नी."

"बोलाय कोण सांगतंय? नुस्ती मान हालवावी की. कस्तुरीचं तोंड येकदाचं बंद हुईल."

येडूबा माझ्यापासून चार हातांवर आला आणि थांबला. "बाई, तुमच्या नेमाला बाट लावाय आमी आलो न्हाय," तो म्हणाला. "पर देवाचं काम हाय. ज्ञानबाबिगर त्या मागावर दुसरं कुणी बसल्यालं तुमी बगितलं का? व्हय आसंल तर व्हय, न्हाय तर न्हाय. मान हालवा, फुडं जावा."

मी मायाक्काकडे पाहिले. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती असती तर बरे झाले असते. तिथे विश्वास होता.

नाही म्हणून मान हलवावी तर महादेवाच्या वारी, हातात त्याचेच पाणी असताना खोटे. हो म्हणून हलवावी तर दिलेला शब्द मोडला. माझ्याने दोन्हींतले काहीच झाले नाही. मी मान खाली घातली आणि कळशीतल्या पाण्याकडे पाहत उभी राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. दोन-चार श्वास असतील. पण तेवढे पुरले.

"बगा!" कस्तुराबाई म्हणाली. "न्हाय म्हणाय मान येवडी जड झाली व्हय?"

येडूबाने डोळे मिटले. सिदूने बायकोच्या दंडाला धरून तिला मागे ओढले. ज्ञानबा अजून हसऱ्या चेहऱ्याने आमच्या दिशेला तोंड करून होता.

"हालवली का मान? कशी हालवली?"

कुणी सांगेना.

"माये, काय म्हणल्या बाई? आरं, कुणीतरी सांगा की! मला दिसतंय व्हय?"

मायाक्काने पदर तोंडात धरला. तिचा हुंदका त्याला ऐकू गेला असावा, कारण त्याचा चेहरा बदलला. तो वळला, भिंत चाचपत आत गेला आणि मागाशी बसला. दार उघडेच होते. सगळे बाहेरून बघत होते आणि मला तिथून पाय काढता येत नव्हता.

विणलेल्या घोंगडीवर त्याने तळहात ठेवला. रोज ठेवीत असेल तसा नव्हे. या वेळी तो शोधीत होता. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत बोटे गेली. मग मागे, जुन्या विणीकडे. वीतभर, आणखी वीतभर.

"ह्यो हात माजा न्हाय," तो म्हणाला.

पुन्हा बोटे मागे गेली.

"ही वीत बी न्हाय. ही बी न्हाय." पार सुरुवातीच्या दशांपर्यंत जाऊन तो थांबला. "माये, ह्यात माजं कायच न्हाय का?"

मायाक्का दारात गेली. "लोकर आपल्याच मेंढरांची हाय की," ती म्हणाली.

त्याने पुन्हा एकदा वीण चाचपली. म्हणाला, "दाट हाय. माज्यापरास दाट हाय." ते त्याने कारागिरासारखे म्हटले, जसे दुसऱ्या गावच्या विणकराबद्दल म्हणावे तसे.

येडूबाने फार मऊ शब्दांत निकाल दिला. पुढचा मान सिदूच्या घराकडे. मागावरची घोंगडी देवाला चालायची नाही, आणि देवाच्या नावाने चढवलेली म्हणून विकायचीही नाही. दसऱ्याच्या आत ती नदीला द्यायची. गेल्या सालच्या घोंगडीचे काय, असे कुणीतरी विचारले. "ती देवानं वापरली," येडूबा म्हणाला, "त्येचं त्यो बगंल."

त्या संध्याकाळी बेल वाहून झाल्यावर मी सगळे यजमानांना सांगितले. ते मुलांच्या पाट्या तपासत होते. त्यांनी नीट ऐकून घेतले.

"तू खोटं बोलली नाहीस," ते म्हणाले. "मौन मोडलं नाहीस. तिला दिलेला शब्दही मोडला नाहीस."

"हो."

"मग रडतेस कशाला?"

मी उठून दिव्याची वात पुढे सारली.

दुसऱ्या दिवशी मी मायाक्काकडे गेले. ती पायरीवर बसून चांदीच्या लोकरीतले काटे काढीत होती. आत ज्ञानबा भिंतीला टेकून बसला होता.

"मायाक्का, मी नाही म्हणून मान हलवायला हवी होती."

"पाप लागलं आसतं तुमाला."

"लागू द्यायचं होतं."

ती काटे काढीत राहिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मला बी तसंच वाटलं वं बाई, त्या येळंला," ती म्हणाली.

मग तीच हळू आवाजात सांगू लागली.

"जेवत्यात. बोलत्यात. मला येक वंगाळ शबूद न्हाय. पर हात मांडीखाली घालून बसत्यात. काल म्या ताटातली भाकरी मोडून दिली, तर म्हणलं, माये, माजं कायबी दुरुस्त करू नगंस आता. जे हाय ते सांग. भाकर कच्ची ऱ्हायली तर कच्ची म्हण. दिस मावळला तर मावळला म्हण." तिने पदराने नाक पुसले. "येवडं सोपं हाय व्हय ते?"

भाद्रपदात नदी थोडी उतरली. ऋषिपंचमी झाली आणि दोन दिवसांनी, तिसऱ्या प्रहरीच, मी काठावर असताना ती दोघे उतार उतरताना दिसली. पुढे चांदी, मागे ज्ञानबा. खांद्यावर ती अर्धी विणलेली घोंगडी. मागावरून कापून काढलेली, न विणलेले धागे पाठीवर लोंबत होते. मायाक्का त्याच्या मागे होती. तिने त्याला धरले नव्हते.

मी बाजूला झाले. "बाई, जपून," तो माझी चाहूल लागताच म्हणाला. "हितं लई घसरडं हाय." आधीसारख्याच आवाजात म्हणाला. त्याने मला काही सुनवले असते तर मला सोसले असते.

तो गुडघाभर पाण्यात गेला. घोंगडी दोन्ही हातांवर घेऊन एकदा छातीशी धरली, देवाचे नाव घेतले आणि पाण्यावर सोडली. लोकर लगेच बुडत नाही. ती उलगडली, पसरली, काळ्या घोंगडीवरून पाणी थोडा वेळ चमकत गेले आणि मग धार तिला ओढू लागली. तो तसाच, हात पाण्यात सोडून उभा होता.

"गेली का?"

मायाक्का काठावरून बघत होती. मीही बघत होते. दहा-पंधरा हातांवर पुरात वाहून आलेली एक बाभळ आडवी पडली होती. तिच्या काट्यांत घोंगडी अडकली होती. अर्धी पाण्याखाली, अर्धी वर. धार तिला पुढे लोटत होती आणि काटे सोडत नव्हते.

वर्षभर जी बाई रोज दुपारी त्याच्यासाठी सगळे सरळ करून ठेवीत आली, तिला "गेली" हा एक शब्द म्हणायचा होता. त्याला कधी कळले नसते. तिने ओठ उघडले आणि मिटले.

"न्हाय," ती म्हणाली. "बाभळीत आडकलीया."

"बरं."

"सोडवू का? हात पुरंल माजा."

"नगं. तिची ती जाईल."

तो चाचपडत पाण्यातून बाहेर आला आणि ओल्या दगडावर बसला. ती त्याच्या शेजारी बसली. पलीकडच्या तीरावर कुणीतरी म्हशींना हाका मारीत होते. ऊन पाण्यावरून सरकत बाभळीपाशी आले.

"गेली?" त्याने विचारले.

"न्हाय अजून."

पुन्हा बराच वेळ गेला. मग त्याने तिसऱ्यांदा विचारले नाही. नुसती तिच्याकडे मान वळवली. ती पाण्याकडे बघत होती, वळून न पाहताच म्हणाली,

"येक कोपरा दिसतुया."

"बरं," तो म्हणाला. "बसू या."